निळ्या पुलावरचा डबा

आवाज झाला तो मला वाटला होता त्यापेक्षा बराच लहान होता. लाकडी पाट फरशीवर आपटावा तेवढाच. तरी दोरी लावून अडवलेली गर्दी एकदम दोन पावलं मागं सरली आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. पंधरा ऑगस्टला चार दिवस होते. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि भुरभुर पाऊस थांबत नव्हता. कॉलेजला जाताना रस्ता बंद दिसला म्हणून मी स्कूटर कडेला लावली होती आणि गर्दीच्या मागच्या ओळीत उभी होते. पुलाच्या चढाच्या तोंडाशी जाडजूड पोशाख घातलेला बॉम्बशोधक पथकातला एक माणूस वाकला आणि त्यानं खालून काहीतरी उचललं. गुलाबी रंगाचं. एवढ्या लांबून ते काय आहे हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं. तो प्लास्टिकचा हत्ती होता. त्या डब्यात तो मीच ठेवला होता.

"नकली होता म्हणे," पुढचा माणूस शेजारच्याला सांगत होता. "आधी ट्रायल घेतात ही लोकं. बघतात, कोण बघतंय का."

"धरला ना पण एक. तो बघा."

पोलिसांच्या गाडीपाशी दोघांनी दस्तगीरभाईंना दंडाला धरून उभं केलं होतं. त्यांच्या डोक्यावरची टोपी कुठं पडली होती कोण जाणे. नेहमी तेल लावून चापून बसवलेले पांढरे केस पावसानं कपाळावर आले होते. हात सोडवून घेत ते काहीतरी समजावून सांगायचा प्रयत्न करत होते.

"अहो साहेब, खेळाचा डबा हाय त्यो! वही हाय आत, वही! मास्तरीणबाईंचा हाय. इचारा की त्यास्नी!"

आणि ते गर्दीकडे बघायला लागले. एकेक चेहरा बघत त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सरकत आली. मी रेनकोटची टोपी पुढं ओढली आणि खाली बघितलं. माझ्या चपलेला चिखल लागला होता. गाडीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी त्या चिखलाकडेच बघत राहिले.

याला आता अकरा वर्षं होतील.

तो पूल तेव्हा नवा होता. फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी बांधलेला, निळ्या कमानीचा, संध्याकाळी दिवे लागले की अख्खं गाव बघायला यायचं. मी कॉलेजात भूगोल शिकवायची. नकाशे, अक्षांश-रेखांश हा माझा आवडीचा भाग. एका सुट्टीत माझ्या मावसभावानं मला जिओकॅशिंगचा नाद लावला. खेळ साधा आहे. सार्वजनिक जागी कुणाच्या सहज नजरेला पडणार नाही असा एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे. ज्यांना हौस आहे ते मोबाइलवर बघत बघत येतात, डबा शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात, एखादी लहानशी वस्तू घेतात, दुसरी ठेवतात आणि डबा होता तसा लपवून जातात. एवढंच. मी पुलाच्या कठड्याखालच्या पाइपामागं जेवणाचा एक लहान डबा राखाडी रंग देऊन बसवला होता. संकेतस्थळावर माझं नाव होतं 'पाणकोंबडी'. महापालिकेची परवानगी घ्यावी लागते का, असा प्रश्न मला तेव्हा पडलाही नव्हता. डबा माझा आहे हे गावात दोघांनाच माहीत होतं. माझे यजमान मुकुंद, आणि दस्तगीरभाई.

दस्तगीरभाई चढाच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं सामान मांडून बसायचे. साठीचा माणूस, बारीक अंगाचा आणि भांडखोर. त्यांनी पंक्चर काढताना तुम्ही टायरकडे नीट बघितलं नाही तर ते मध्येच काम थांबवायचे. डबा ठेवून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा त्यांनी मला हटकलं होतं.

"बाई, तुमीच काय ठेवून गेलाय तितं? चार दिस बघतोय, पोरं येत्यात, मोबाइल धरून माज्याभवती फिरत्यात. मला वाटतंय गिऱ्हाईक आलं. हवा भराय कोण न्हाई, पंक्चर काढाय कोण न्हाई. काय हाय काय?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. डबा उघडून दाखवला. वही चाळून त्यांनी विचारलं, "आनि जिंकल्यावर काय?"

"काही नाही. नाव लिहायचं."

"एवढ्यासाठी पुन्याहून येत्यात?"

"हो."

ते बराच वेळ हसले. पण त्या दिवसापासून डबा जणू त्यांचाच झाला. शोधणाऱ्यांना मुद्दाम पलीकडच्या टोकाला पाठवायचे आणि मला भेटलं की रंगवून सांगायचे. "काल एक गोरा जोडा आलता. अर्धा तास त्या झाडाखाली उकरत हुती दोगं. मी काय बोललो न्हाई." पाऊस सुरू झाल्यावर म्हणाले, "तुमचा डबा भिजंल, मी बघतो." मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

त्यांनी खरंच बघितलं होतं. त्या सकाळी डबा पाइपामागून निसटून खाली पडलेला त्यांना दिसला. त्यांनी तो पुसला, पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या काळ्या ट्यूबच्या पट्ट्या त्याला घट्ट गुंडाळल्या, तारेनं पाइपाला बांधला आणि चहा प्यायला गेले. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कुणाला तरी ते काळं, तारेनं बांधलेलं गाठोडं दिसलं. दस्तगीरभाई चहा पिऊन आले तोवर पूल रिकामा झाला होता. दुसरा कुणी असता तर तिथूनच मागं फिरला असता. दस्तगीरभाई मात्र पोलिसांना सांगायला पुढं गेले, की घाबरू नका, मीच बांधलाय, आत वही आहे.

त्या दिवशी मी कॉलेजात दोन तास शिकवले. काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी मुकुंद ऑफिसातून आले तेव्हा मी चहाही ठेवला नव्हता. त्यांना गावात सगळं कळलेलं होतं. बूट काढता काढताच त्यांनी विचारलं, "आपलाच ना?"

"हो. मी आत्ता पोलीस ठाण्यात जाऊन सांगते. तुम्ही चला बरोबर."

ते खुर्चीवर बसले. मुकुंद वाईट माणूस नव्हते. ओरडलेसुद्धा नाहीत.

"नीट विचार कर, शैला. डब्यात काय होतं ते त्यांना दिसलंय. वही, पेन्सिल, खेळणी. बॉम्ब नाही हे त्यांना माहीत आहे. दोन दिवस बसवून ठेवतील, स्वातंत्र्यदिन पार पडला की सोडतील. तू गेलीस की त्याला सोडतील आणि तुला बसवतील, एवढाच फरक. विनापरवाना वस्तू ठेवली, लोकांत घबराट पसरवली. पेपरात नाव, कॉलेजात चौकशी. माझी बढतीची फाइल वर गेलीय, तेही आत्ताच."

"पण त्यांनी काही केलं नाही हो."

"म्हणूनच तर सुटतील."

ते इतकं सरळ वाटलं. मला ते सरळ वाटायला हवंच होतं. मी संगणक सुरू केला आणि संकेतस्थळावरचं माझं पान उघडलं. आठ महिन्यांत तेवीस जण येऊन गेले होते. एकानं लिहिलं होतं, 'खाली बसणाऱ्या काकांनी आम्हाला छान फसवलं!' त्या डब्याचा खुलासा जगात कुठं लिहिलेला असेल तर त्या पानावर होता. मी ते काढून टाकलं. खात्री आहे का, असं संगणकानं मला विचारलं. मी हो म्हटलं. मुकुंद मागं उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपनिरीक्षक पाटणकर घरी आले. साध्या कपड्यांत, एकटेच. दाराबाहेर बूट काढले, चहा नको नको म्हणत घेतला. त्यांची पुतणी आमच्या कॉलेजात होती, तिची थोडी चौकशी झाली. मुकुंद सुट्टी काढून घरीच थांबले होते.

"काही नाही मॅडम, विचारायचं म्हणून विचारायचं," कप खाली ठेवून ते म्हणाले. "तो पंक्चरवाला एकच टुमणं लावून बसलाय. डबा म्हणे मास्तरीणबाईंचा. भूगोल शिकवतात, राखाडी स्कूटर आहे. नाव त्याला सांगता येत नाही. आम्ही म्हटलं, अशा बाई गावात तुम्हीच. आता तुमचा कशाला संबंध असेल, पण वरिष्ठांना उत्तर द्यावं लागतं."

मुकुंद माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीच्या गजाकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

पाटणकरांनी मान डोलावली. त्यांना एवढंच हवं होतं, ते उठायलाही लागले होते. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं बोलले.

"मी त्यांच्याकडे एकदा स्कूटरमध्ये हवा भरून घेतली होती. तेव्हा काय शिकवता वगैरे विचारत होते. त्यावरून लक्षात राहिलं असेल."

"तेच म्हटलं मी," पाटणकर म्हणाले. "बरोबर हेरतात ही माणसं. चला, आता सरळ विचारता येईल त्याला."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. त्याचा अर्थही मला कळला. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

त्यानंतरचे दोन दिवस मी कॉलेजात गेले, घरी आले, स्वयंपाक केला. पुलाजवळून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं गेले. ज्यांनी पूर्वी डबा शोधला होता त्यांच्यापैकी दोघांचे ईमेल आले, पान दिसत नाही, सगळं ठीक ना? मी उत्तर दिलं नाही. स्थानिक पेपरात चार ओळी आल्या होत्या, संशयित ताब्यात, कसून चौकशी. वहीतल्या टोपणनावांना आणि तारखांना त्यांनी सांकेतिक मजकूर म्हटलं होतं. त्यातला निम्मा मजकूर 'मजा आली' आणि 'धन्यवाद' असा होता.

चौदा तारखेला दुपारी पाटणकरांचा फोन आला. आवाजात आपुलकी होती.

"मॅडम, म्हटलं तुम्हाला कळवावं, उगाच काळजी करत असाल. निश्चिंत राहा. त्यानं आता तुमचं नाव घेणं बंद केलंय."

मी फोन ठेवला. मुकुंदनी विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "चला, सुटलो." आणि मग माझ्याकडे बघून दुसऱ्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात झेंडावंदन झालं. तिथून मी कुणालाही न सांगता पोलीस ठाण्यात गेले. पाटणकरांसमोर बसून मी सांगितलं, डबा माझा होता, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले, मला लिहून द्यायचंय. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"मॅडम, त्याला काल संध्याकाळीच सोडलाय. घरी आहे तो. आता कशाला?"

"तरी लिहून घ्या."

"काय लिहून घेऊ? गुन्हा दाखल नाही. अटक केलेलीच नाही. चौकशीला बोलावलं होतं, आला होता, गेला. कागदावर काहीच झालेलं नाही हो. तुम्ही हे कशाच्या संदर्भात देणार?"

मी त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला, सगळं लिहिलं, खाली सही केली. त्यांनी तो न वाचता घडी घालून खणात ठेवला. पोच मागितली तर म्हणाले, "शिक्का आज बंद असतो, सुट्टी आहे."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण ते फारसं काही नाही. त्या कागदाबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही. कॉलेजात चौकशी झाली नाही. मुकुंदना बढती मिळाली आणि आम्ही दोन वर्षांनी ते गाव सोडलं. मला काहीही झालं नाही. दस्तगीरभाई पुन्हा पुलावर बसले नाहीत. महापालिकेनं ती जागा साफ करून तिथं फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. राहतं घर मात्र त्यांचं गेलं नाही. ते कसं, एवढं सांगायचं राहिलं आहे.

ठाण्यातून निघाल्यावर मी विचारत विचारत नालसाहेब गल्लीत गेले. अरुंद गल्ली, दोन्हीकडे दुमजली घरं, मधोमध सार्वजनिक नळ. सुट्टीचा दिवस, त्यामुळं सगळी माणसं घरी. नळावर बायका होत्या. दस्तगीरभाईंचं घर कुठलं म्हटल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. एकीनं वरची खोली बोटानं दाखवली, तीही लगेच हात खाली घेत.

दार त्यांच्या मुलीनं उघडलं. मेहजबीन. पंचवीसेक वर्षांची, एका दवाखान्यात परिचारिका होती हे मला दस्तगीरभाईंनीच कधीतरी अभिमानानं सांगितलं होतं. मी कोण ते तिनं विचारलं नाही. तिला कळलं असावं.

"अब्बांना बरं नाही," ती म्हणाली. "डाव्या कानाचा पडदा फाटलाय. जास्त बोलू नका."

दस्तगीरभाई खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डाव्या कानावर कापूस, त्या बाजूचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. हाताची बोटं मांडीवर सरळ करून ठेवली होती, जणू ती कुणा दुसऱ्याची असावीत. कोपऱ्यात दोन ट्रंका आणि भांड्यांचं एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. घरमालकानं महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली होती. गल्लीत असला माणूस नको, असं चार जणांनी त्याला येऊन सांगितलं म्हणे. हे मेहजबीन बोलली, माझ्याकडे न बघता.

ती दार लावून घ्यायला गेली. दस्तगीरभाई म्हणाले, "ऱ्हाऊ दे उघडं. हवा येतीया." मग मला त्यांनी प्लास्टिकची खुर्ची दाखवली. त्यांच्या उजव्या हाताला, दाराजवळ. मी बसले.

"दस्तगीरभाई," मी म्हटलं, "मी ठाण्यात जाऊन आले. डबा माझा होता असं लिहून दिलंय. त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"घुमतंय कानात," ते म्हणाले. "मोठ्यानं बोला, बाई. डबा कुनाचा?"

"माझा."

"आं?"

"माझा होता!"

खाली नळावर बादली ठेवल्याचा आवाज झाला. कुठंतरी शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. मी मेहजबीनकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"मग त्यांनी तुमास्नी इचारलं तवा?"

"नाही म्हटलं."

"आवाज न्हाई येत."

मी उभी राहिले. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तो आवाज काढून ओरडले. "डबा माझा होता! मी ठेवला होता! पोलिसांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, माझा नाही म्हणून सांगितलं! तुम्ही खरं बोलत होता, दस्तगीरभाई! तुम्ही काहीही केलेलं नाही!"

गल्लीत काहीच आवाज राहिला नाही. नळाचं पाणी तेवढं बादलीत पडत होतं, मग कुणीतरी तेही बंद केलं. समोरच्या घराच्या गच्चीवर एक जोडपं उभं होतं. खाली जिन्याच्या तोंडाशी जाड भिंगांचा एक म्हातारा वर बघत उभा होता. तो घरमालक असावा.

दस्तगीरभाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आलं. आता आलं ऐकू."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी ती सरळ करून ठेवलेली बोटं थोडीशी उचलली. "जावा आता," ते म्हणाले. "घरी वाट बघत असतील."

जिन्यात तो म्हातारा बाजूला झाला आणि मला वाट दिली. नळावरच्या बायकांनीही दिली. मेहजबीन माझ्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. मला वाटलं, ती मला शिव्या देईल. तशा तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम," ती म्हणाली, "अब्बांचा डावा कान गेलाय."

"हो, तुम्ही सांगितलंत."

"उजवा चांगला आहे. उजव्यानं त्यांना सगळं ऐकू येतं."

एवढं बोलून ती परत फिरली. नळापाशी तिची कळशी ठेवलेली होती. बायकांनी तिला पुढं जायला जागा दिली आणि ती पाणी भरायला लागली.